मायटर सॉ घ्यायची आहे? गावाकडचे लोक सारखे विचारतात ते प्रश्न

माझा बाप वाढई म्हणजे सुतार, मी पण वाढई, यवतमाळ जिल्ह्यात खेड्यातच टिनाच्या शेडमध्ये चौकटी, दरवाजे, दिवाण, देव्हारे असं काम करून राहिलो. मशीन घेतल्यापासून आजूबाजूच्या गावातले वाढई, खिडक्यावाले, अन् नोकरीवरून रिटायर झालेले हौशी लोक फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकलं. शुद्धलेखन तपासत बसू नका.

मायटर सॉ म्हणजे नेमकी कोणती मशीन? दुकानदार "मीटर सॉ" म्हणतो ती हीच का?

हो हीच. कोणी मायटर म्हणते, कोणी मीटर, कोणी नुसतं "कोन कापायची मशीन". खाली गोल फिरणारं टेबल, मागं सरळ आधार म्हणजे फेन्स, अन् वरून हँडल दाबलं की खाली येणारं गोल ब्लेड. लाकूड जागेवर राहते, ब्लेड त्याच्यावर येते. टेबल डावीकडं उजवीकडं फिरवून ९०, ४५, २२.५ असे कोन पक्के लावता येतात. करवत अन् गुण्या (काटकोन बघायचं अवजार) घेऊन जे काम दहा मिनिटं करत होतो ते दहा सेकंदात, अन् पन्नासावा तुकडा पण पहिल्यासारखाच निघते, खरी कमाई त्यातच आहे.

मला खरंच लागते का हो ही?

महिन्यातून एखादा फोटो फ्रेम किंवा पाट-चौरंग करत असाल तर नाही लागत. हाताचा मायटर बॉक्स (करवत घालायला कोनाच्या खाचा असलेली पेटी) अन् बारीक दाताची करवत घ्या, काम होते. पण रोज बीडिंग पट्ट्या, स्कर्टिंग, चौकटीची लाकडं, खिडकीचे सेक्शन कापून राहिले असाल, किंवा पोरगं आता धंद्यात येऊन राहिलं असेल, तर घ्या. आणखी एक खूण सांगतो. तुमचा रंधा अन् पॉलिश पेपर जर सगळ्यात जास्त जोड जुळवण्यातच घासत असेल तर मशीनची गरज आहे समजा.

फळी लांबीत चिरता येते का तिच्यावर?

नाही. नाही म्हणजे नाहीच. ही आडवी कापायची मशीन आहे, लांबीत चिरायला टेबल सॉ किंवा हातातली सर्क्युलर सॉ, अन् मोठा ओंडका असेल तर आरा मशीनवरच. एक जण "थोडी तिरपी ठेवून चिरतो ना" म्हणाला होता, त्याला म्हटलं बोटं मोजून ठेव आधी.

१० इंची घेऊ का १२ इंची? मोठी म्हणजे चांगली ना?

सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी टेप घ्या अन् मागच्या सहा महिन्यात जे कापलं त्याची रुंदी-जाडी कागदावर लिहा. आठवणीतून नाही, खरंच मोजून. मशीन त्या कागदावरून घ्यायची, दुकानात कोणती चकाकून राहिली त्यावरून नाही.

आता मशीनच्या पत्रकावर कटिंग कपॅसिटी म्हणून दोन आकडे असतात अन् लोक त्यातला मोठाच वाचतात. समजा १० इंची साध्या मशीनवर लिहिलं आहे ६९ x १३० अन् ९३ x ९५ मिलिमीटर. याचा अर्थ ६९ जाडी असेल तर १३० रुंद कापेल, अन् जाडी ९३ पर्यंत नेली तर रुंदी ९५ वरच थांबेल. ९३ जाड अन् १३० रुंद असं दोन्ही एका टायमाला मिळत नाही कारण ब्लेड गोल आहे, कडेला ते कमीच खाली जाणार.

आता आपली चौकट बघा. ४ x २.५ इंची चौकट म्हणजे साधारण १०० x ६४ मिलिमीटर, ती १० इंचीवर आरामात बसते. ५ x ३ ची म्हणजे १२७ x ७६, अन् इथं १० इंची साधी मशीन रडते, जाडीत सहा-सात मिलिमीटर शिल्लक राहून जाते. रंधा मारून ४.७५ x २.७५ वर आणली तरी काठावरच. मग काय करावं लागते, एका बाजूनं कापा, लाकूड पलटवा, दुसऱ्या बाजूनं कापा, अन् मधात बारीक पायरी उरते ती पटाशीनं साफ करा. चौकटीच्या खाचेत जाणाऱ्या टोकाला चालून जाते पण दिसणाऱ्या जोडाला नाही चालत.

४५ वर तर रुंदी आणखी कमी होते कारण कोनात कापताना ब्लेडला जास्त लांब कापावं लागते. ९० वर साडेपाच इंच कापणारी मशीन ४५ वर पावणेचार-चारच कापते असं धरून चाला.

म्हणून माझं मत असं. बीडिंग, फ्रेम, स्कर्टिंग, ४ x २.५ पर्यंतच्या चौकटी, अल्युमिनियमच्या खिडक्या, एवढंच असेल तर १० इंची बस झाली. ५ x ३ च्या चौकटी रोजच्या असतील, जुन्या वाड्याची जाड लाकडं येत असतील, तर १२ इंची किंवा स्लायडिंग (म्हणजे काय ते खाली सांगतो) बघा. पण १२ इंचीचं ब्लेड महाग, धार लावायला महाग, अन् मोठं ब्लेड थोडं जास्त थरथरते, बारीक पट्टीवर १० इंचीचाच कट मला साफ वाटते. साडेआठ इंची पण येते, हलकी आहे, घरी हौसेनं करणाऱ्याला छान.

प्लेन, कंपाउंड, स्लायडिंग, ड्युअल बेव्हल... डोकं फिरते राव

प्लेन म्हणजे टेबल फिरते, ब्लेड उभंच. कंपाउंड म्हणजे ब्लेडचं डोकं पण एका बाजूला, बहुतेक डावीकडं, कलते. ड्युअल बेव्हल म्हणजे दोन्हीकडं कलते. स्लायडिंग म्हणजे डोकं दांड्यांवर पुढं-मागं सरकते, त्यामुळं १० इंची मशीन पण १२ इंचाच्या आसपास रुंद फळी कापते. गावच्या कामाला कंपाउंड पुरते. ड्युअल बेव्हल लागते छताच्या कॉर्निसवाल्याला (छताच्या कडेची नक्षीपट्टी), आपल्याकडं लाकडी कॉर्निस कोण लावते, पीओपीच करतात सगळे. दिवाणाच्या रुंद फळ्या, जिन्याच्या पायऱ्या करत असाल तर स्लायडिंगचा विचार करा. प्लायवूडच्या मोठ्या शीटसाठी घेत असाल तर नका घेऊ, ते काम हिचं नाहीच.

तुम्ही कोणती घेतली होती?

हसू नका. पहिली घेतली १२ इंची स्लायडिंग, उधारीवर. नागपूरला लोहा ओळीत हिंडताना पाहिली, डोक्यात बसली, आणली. माझी शेड मागच्या भिंतीपासून मोजली तर सात फूट. स्लायडिंगच्या दांड्या मागं सरकतात त्याला जागा लागते हे कोणी सांगितलं नाही अन् मी विचारलं पण नाही, दांड्या भिंतीला टेकायच्या म्हणून टेबल पुढं ओढलं तर लांब लाकूड फिरवायला जागा उरेना. अन् वजन पंचवीस किलोच्या वर, साइटवर न्यायची म्हणजे दुसऱ्याचा ऑटो सांगा. आठ महिन्यांनी तोटा खाऊन विकली. आता १० इंची कंपाउंड आहे, तेरा-चौदा किलोची, गाडीच्या मागं फळीवर दोरीनं आवळून बांधली की शेजारच्या गावी निघालो. गेल्या चार वर्षात रुंद फळीसाठी अडलो असेन चार-पाच वेळा, तेव्हा हातातल्या सर्क्युलर सॉनं गुण्या लावून कापलं.

जागा कमी असून स्लायडिंगच पाहिजे असेल तर मागं दांडी न निघणाऱ्या, घडी होणाऱ्या हातावर सरकणाऱ्या मशीनी पण येतात, त्या भिंतीला चिकटून बसतात. महाग असतात अन् वजनानं आणखी जड.

आमच्या गावात लाइटचं काही खरं नाही, चालेल का?

चालेल, पण वायर नीट करा. १६५० वॅटची मशीन २३० व्होल्टवर साधारण ७ अँपिअर ओढते, अन् सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. घरातल्या पंख्या-टीव्हीच्या लहान सॉकेटमध्ये लावू नका, १६ अँपिअरचा मोठा पॉइंट काढून घ्या, अर्थिंग खरी असलेला. आपल्याकडं अर्थिंगची तिसरी वायर बोर्डात नुसती लटकत असते, हे उघडून बघा.

एक्स्टेन्शनचा हिशेब लोक कधीच करत नाहीत. घरातून शेडपर्यंत ५० मीटर वायर ओढली अन् ती १ स्क्वेअर एमएमची असली तर नुसतं मशीन चालताना १३ व्होल्ट वायरमध्येच जातात. तीच २.५ ची घेतली तर पाच-साडेपाच. आता रब्बीत हरभरा-गव्हाच्या पाण्याच्या दिवसात आधीच व्होल्टेज खाली असते, शेतीचे अन् गावाचे फीडर (लाइटच्या लाइनी) कितीही वेगळे केले तरी गावठाणात पण फरक जाणवतोच, त्यात आणखी १३ गेले की मशीन गुरगुरते. व्होल्टेज पडलं की ब्लेड मंदावते, आतला गार करणारा पंखा पण मंदावते, अन् आपण हँडल मात्र तेवढ्याच जोरानं दाबतो, मग आर्मेचर म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग जळते अन् माणूस कंपनीला शिव्या देते. एक्स्टेन्शनचं भेंडोळं गुंडाळलेलं ठेवून चालवू नका, ते तापते, पूर्ण मोकळं करा.

सॉफ्ट स्टार्ट असलेली मशीन मिळाली तर घ्या. सुरू होताना झटका मारत नाही, घरातले लाइट डोळा मारत नाहीत, अन् बायको पण ओरडत नाही.

अन् शेतातल्या मोटरपंपाच्या कनेक्शनवरून चालवली तर?

ते कनेक्शन शेतीच्या दरानं दिलेलं आहे, धंद्याला वापरायचं नसते. शिवाय तिथं लाइट कधी दिवसा कधी रात्री, रात्री दोनला चौकट कापणार का तुम्ही.

जनरेटर, इन्व्हर्टरवर चालते का?

घरच्या इन्व्हर्टरवर नाही. जनरेटर किमान ३ केव्हीएचा पाहिजे, लहानसा १ केव्हीएवाला सुरू होतानाच मान टाकते.

बॅटरीवाली घेऊ का मग?

पैसा असेल अन् काम साइटवरचंच असेल तर वाईट नाही. १८ व्होल्टवाल्या अन् दोन बॅटऱ्या लावून ३६ व्होल्टवर चालणाऱ्या मशीनी आहेत. एक मात्र आपल्या भागाचं सांगतो, मे महिन्यात ४५-४६ चा पारा असताना टिनाच्या खाली बॅटरी तापून बसते अन् चार्जर तिला घेतच नाही, थंड होईपर्यंत लाल लाइट दाखवत राहते. माठाजवळ सावलीत ठेवा, फ्रीजमध्ये घालू नका कोणी. दिवसभर जाड सागवान कापणाऱ्यानं वायरवालीच घ्यावी.

हिच्यावर लोखंडी पाइप कापता येते का? दुकानदार म्हणते फक्त ब्लेड बदला

नका करू. लोखंडाची जी १४ इंची कटऑफ मशीन असते, जी ठिणग्या उडवते, ती वेगळी अन् ही वेगळी, दिसायला बहिणी वाटतात एवढंच. मायटर सॉ मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्या घेते, गार्ड प्लॅस्टिकचं, आत कोपऱ्याकोपऱ्यात भुसा भरलेला. तिथं घासणारी चकती लावून ठिणगी पाडली म्हणजे भुशाच्या पिशवीत आग. लाकडाचं ब्लेड लोखंडावर चालवलं तर दात तुटून गोळीसारखे येतात. ग्रिल-गेटचं काम असेल तर कटऑफ मशीनच घ्या.

मग अल्युमिनियम?

अल्युमिनियम चालते, स्लायडिंग खिडक्यावाले सगळे याच्यावरच कापतात. पण ब्लेड अल्युमिनियमचं पाहिजे, १० इंचीत १०० ते १२० दात, दाताचा झुकाव मागं असलेला म्हणजे ज्याला निगेटिव्ह म्हणतात, नाहीतर ब्लेड सेक्शन ओढून घेते. सेक्शन क्लॅम्पनं दाबून ठेवा, हळू उतरवा, मधामधात ब्लेडला मेण नाहीतर फवाऱ्याचं तेल द्या. भुशाची पिशवी काढून टाका, गरम चुरा कापडाला भोकं पाडते. अन् सकाळी लाकूड दुपारी अल्युमिनियम असं करत असाल तर मधात मशीन झाडून घ्या, त्या चुऱ्याचे ओरखडे सागवानावर असे पडतात की पॉलिशमध्ये पण दिसतात.

मशीनसोबत आलेलं ब्लेड पुरते का?

बहुतेक वेळा ते २४ नाहीतर ४० दातांचं असते. चौकट तोडायला ठीक, पण देव्हाऱ्याच्या पट्टीला त्यानं कड फाटते. मी लोकांना सांगतो मशीन दोन हजारानं स्वस्त घ्या अन् ते दोन हजार ब्लेडात घाला. ४० चं एक जाड कामाला, ८० चं एक बारीक कामाला, बस. ६० चं एकच घेऊन दोन्हीकडं धकवणारे पण आहेत.

घेताना तीन गोष्टी बघा. मधलं भोक, २५.४ आहे का ३० मिलिमीटर, तुमच्या मशीनला कोणतं लागते ते आधी पाहून जा, सोबत रिंग येते पण ढिली रिंग म्हणजे थरथराट. दुसरं, ब्लेडवर लिहिलेली जास्तीत जास्त फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा वर पाहिजे. तिसरं, टेबल सॉचं ब्लेड उचलून आणू नका, त्याचे दात पुढं झुकलेले असतात अन् मायटरवर ते लाकूड उचलते.

सागवानात तेल असते, ते दाताच्या मागं काळं होऊन चिकटते अन् आपल्याला वाटते धार गेली. ब्लेड काढून घासलेटमध्ये भिजवा, जुन्या टूथब्रशनं घासा, अर्ध्या वेळा धार तिथंच सापडते. खरंच गेली असेल तर कार्बाइडच्या दाताला आपली कानस चालत नाही, शहरात मशीनवर लावून आणावी लागते, चांगलं ब्लेड चार-पाच वेळा तरी धार घेते.

सागवान विकत घेताना घनफुटाचा भाव ऐकून घाम फुटते, अन् एका कटात ब्लेड अडीच-तीन मिलिमीटर लाकूड भुसा करून टाकते हे कोणी धरत नाही. दहा तुकडे एका दांडीतून काढायचे असतील तर नऊ कटांची जागा म्हणजे एक इंच आधीच सोडा. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं, अन् इथं आपण त्याच लाकडाच्या चौकटीत एक इंच कमी पडला म्हणून खाली गुटका ठोकतो.

बांबू कापायचा आहे, चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू केंद्रात ट्रेनिंग करून आलो

छान केलं. बांबू गोल, म्हणून तो फिरते अन् ब्लेड त्याला ओढते, हे आधी थांबवा. लाकडात व्ही आकाराची खाच करून त्यात बांबू बसवा अन् क्लॅम्प मारा. ८० दातांचं ब्लेड, कापायच्या जागी कागदी टेप गुंडाळा म्हणजे सालीचे फाटे उठत नाहीत. बांबूच्या सालीत सिलिका असते, ते ब्लेडची धार लाकडापेक्षा लवकर खाते, म्हणून बांबूचं ब्लेड वेगळंच ठेवा.

लेझर असलेली घेऊ का?

शेडमध्ये बरी वाटते, बाहेर उन्हात मांडवाखाली काम असलं की लेझर दिसतच नाही. ब्लेडची सावली पाडणारा एलईडी लाइट येतो तो जास्त कामाचा, कारण सावली ब्लेडचीच असते, ती हलत नाही. फक्त लेझरसाठी जास्त पैसे नका देऊ.

४५ वर लावून कापतो तरी चौथा कोपरा जुळत नाही, मशीन खराब आहे का?

हा फोन मला महिन्यातून चार वेळा येते. मशीन खराब नसते बहुतेक, ती लावलेली नसते. नवी मशीन डब्यातून काढली म्हणजे अचूकच असेल असं धरून नका चालू, ती गाड्या बदलत धक्के खात गावात आली आहे.

फ्रेमला चार कोपरे म्हणजे आठ कट. प्रत्येक कटात अर्धा डिग्री चूक असली, जी डोळ्याला दिसत पण नाही, तर शेवटच्या कोपऱ्यात आठ अर्धे मिळून चार डिग्रीची फट. म्हणून पहिल्या तीन कोपऱ्यात सगळं छान अन् चौथ्यात बोट जाते.

तपासायचं कसं. चार-पाच इंच रुंद, दोन्ही कडा रंधा मारून सरळ केलेली फळी घ्या, ९० वर मधातून कापा. आता एक तुकडा उलटा पालथा करा अन् दोन्ही तुकडे फेन्सला टेकवून कापलेल्या बाजू एकमेकीला लावा. फट दिसली नाही तर मशीन ९० वर आहे. फट दिसली तर खरी चूक तिच्या अर्धी, कारण पलटवल्यानं ती दुप्पट होऊन दिसते. मग मॅन्युअल बघून फेन्सचे बोल्ट ढिले करून चांगल्या गुण्यानं लावा, ब्लेड पण टेबलाशी काटकोनात उभं आहे का ते गुण्यानंच बघा, गुण्या दातावर न टेकवता ब्लेडच्या पाटावर टेकवायचा.

अन् दोन समोरासमोरच्या पट्ट्या लांबीत अगदी सारख्या पाहिजेत. पेन्सिलच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, फेन्सला गुटका बांधून तिथं टेकवून दोन्ही कापा. कोन बरोबर असून लांबीत एक मिलिमीटर फरक असला तरी जोड उघडतोच, अन् लोक तेव्हा पण कोनालाच शिव्या देतात.

घराच्या भिंतीचा कोपरा तर ९० चा कधीच नसते. मातीच्या घराचा सोडाच, नव्या स्लॅबच्या घराचा पण नाही. कोपरा मोजा, समजा ९३ आला, तर प्रत्येक पट्टीचं टोक ४६.५ चं पाहिजे, म्हणजे मशीनचा काटा ४३.५ वर, कारण सरळ कटाला काटा शून्यावर असते.

कापताना जोड एकदम बरोबर होता, दोन महिन्यांनी उघडला. काहून?

लाकूड. आपल्याकडं एप्रिल-मेची कोरडी झळ अन् जुलै-ऑगस्टची सर्द हवा, लाकूड रुंदीत आकसते अन् फुगते, लांबीत जवळपास नाही. त्यामुळं ४५ चा कोन ४५ राहतच नाही. आकसलं की फट आतल्या कोपऱ्याकडून उघडते, फुगलं की बाहेरच्या टोकाकडून. फट कुठं आहे ते बघून मी सांगतो लाकूड ओलं होतं का. आतून उघडली म्हणजे तुम्ही ओलं लाकूड लावलं अन् ते उन्हाळ्यात वाळलं. रुंद पट्टी असेल तर फट जास्त, म्हणून चार इंच रुंद पट्टीला नुसता ४५ चा जोड नका देऊ, आत खाच मारून तुकडा घाला. यात मशीनचा काही दोष नाही, लाख रुपयाची आणली तरी हेच होणार.

धोका किती आहे? घरी लहान पोरं आहेत

धोका आहे. आमच्या गावात एक काका डोक्याला बांधलेला दुपट्टा खांद्यावर सोडून मशीनवर वाकले, टोक ब्लेडजवळ गेलं, अन् बाजूच्या पोट्ट्यानं पाठीमागून ओढलं म्हणून वाचले. तेव्हापासून माझ्या शेडचा नियम, मशीनवर असताना गळ्यात काही नाही. दुपट्टा, शेला, मनगटातला लांब धागा, कडं, सगळं खिळ्याला लटकवा. हातमोजे पण नाही, हातमोजा अडकला तर हाताला सोबत घेऊन जाते.

हात ब्लेडपासून सहा इंच दूर, त्याहून लहान तुकडा असेल तर क्लॅम्प. लाकूड फेन्सला टेकलेलं पाहिजे, वाकलेली फळी असेल तर फुगीर बाजू फेन्सकडं. आधी ब्लेडला पूर्ण वेग घेऊ द्या मग उतरवा, कापून झाल्यावर बटण सोडा अन् ब्लेड थांबेपर्यंत हँडल खालीच ठेवा, वर उचलताना फिरतं ब्लेड सुटा तुकडा फेकते. स्लायडिंग असेल तर डोकं आधी स्वतःकडं ओढा, खाली दाबा, मग मागं ढकलत कापा, कापत कापत स्वतःकडं ओढलं तर ब्लेड लाकडावर चढून तुमच्या अंगावर येते. जुन्या घराची लाकडं कापायच्या आधी चुंबक फिरवून खिळे शोधा. गार्ड दोरीनं बांधून वर ठेवणारे लोक पाहिले मी, त्यांच्याकडं कामाला जात नाही. रात्री प्लग काढून डोकं खाली दाबून लॉक करा, पोरांचा प्रश्न मिटला.

भुसा किती उडते? पिशवी पुरते का?

पिशवी अर्धाच पकडते, बाकी तुमच्या नाकात. लाकडाच्या भुशाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत पहिल्या गटात टाकलं आहे, अन् सागवानाच्या भुशानं कित्येकांना खाज अन् शिंका सुटतात, माझ्या बापाला आयुष्यभर होत्या, आम्ही सर्दी समजत राहिलो. एन९५ मास्क लावा, रुमाल नाही. एमडीएफ कापताना तर लावाच. कानात पण काहीतरी घाला, संध्याकाळी कान वाजत असतील तर ते वयामुळं नाही.

जुनी मशीन मिळून राहिली आहे, घेऊ का?

प्लग काढून ब्लेड हातानं धरून आडवं हलवून बघा, खेळ असला तर बेअरिंग गेलं. हँडल खाली करून डोकं डावीकडं-उजवीकडं ढकला, सांधा हलत असेल तर परत या, तो दुरुस्त होत नाही. सुरू करून मोटरच्या हवेच्या फटीत बघा, थोडी ठिणगी चालते, निळी-पिवळी गोल फिरत असेल तर कार्बन ब्रश (मोटरला करंट पोचवणारे कोळशाचे तुकडे) संपले आहेत नाहीतर आर्मेचरचं काम आहे. ब्रश स्वस्त आहेत, आर्मेचर नाही. चार तुकडे लाकूड सोबत घेऊन जा अन् तिथंच कापून वर सांगितलेली पलटायची तपासणी करा.

पैशाचं काय, काही योजना आहे का?

पीएम विश्वकर्मा आहे, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, एक वर्ष झाल्याचा कार्यक्रम आपल्या वर्ध्यालाच झाला होता. अठरा धंद्यात सुतारकाम आहे. टूलकिटसाठी १५,००० पर्यंतचं ई-व्हाउचर, ट्रेनिंगचे दिवसाचे ५००, अन् ५ टक्के व्याजानं पहिल्यांदा १ लाख, ते १८ महिन्यात फेडलं की पुढं २ लाख. अर्ज सीएससी सेंटरवर होते, पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. कर्ज काढून मशीन घेत असाल तर बिल पक्कं घ्या, १८ टक्के जीएसटी लागते म्हणून बिनबिलाची घेतली तर वॉरंटी विसरा.

कंपनी कोणती?

बॉश, मकिता, डिवॉल्ट यापैकी कोणतीही चांगलीच आहे, यावर चहाच्या टपरीवर जी भांडणं होतात त्यात मी पडत नाही. मी फक्त एक विचारतो, तिचं सर्व्हिस सेंटर तुमच्यापासून किती दूर आहे अन् कार्बन ब्रश, स्विच जवळच्या शहरात मिळतात का. घ्यायच्या आधी फोन करून विचारा "या मॉडेलचे ब्रश आहेत का". नाही म्हणाले तर दुसरं मॉडेल बघा. बिननावाच्या स्वस्त मशीनी पण मी पाहिल्या, काही खरंच बऱ्या निघतात, पण त्यांचं टेबल अन् कोनाचे खटके ढिले असतात, ९० वर लावली अन् दहा कटांनी ८९.५. बीडिंगच्या माणसानं त्यांच्या वाटेला जाऊ नये.

ब्लेड काढायला बसलो, बोल्ट निघतच नाही, पाना वाकला. काय करू?

थांबा, आणखी जोर नका लावू. बहुतेक मायटर सॉच्या ब्लेडचा बोल्ट उलट्या आट्याचा असते, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं फिरवला की ढिला होते. तुम्ही आतापर्यंत तो आवळून राहिले. प्लग काढलेला आहे ना ते बघा, मधलं लॉक बटण दाबून ठेवा अन् उजवीकडं फिरवा. नवं ब्लेड घालताना ब्लेडवरचा बाण गार्डवरच्या बाणाशी जुळवा, समोरचे दात खाली जाताना दिसले पाहिजेत.